जीव टांगणीला लावायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट समजलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. तुम्ही 14 मिनिटांची शॉर्ट फिल्म केली आहे. नायक रात्री सावकाराच्या वाड्यात शिरतो. वडिलांनी सही करून दिलेला कोरा स्टँप पेपर त्याला परत मिळवायचा आहे. तो कपाट उचकतो, कागद हाताला लागतो आणि वळून बघतो तर मागे सावकार उभा. शोधाशोधीत कट झटपट ठेवलेत, कॅमेरा हातात आहे, खाली घुमणारं संगीत आहे. तरी मित्र म्हणतात की फिल्म छान आहे, पण छातीत धडधडत नाही. मग कट आणखी लहान करू का, की संगीत बदलू, असं तुम्ही विचारलं आहे.

मी 22 वर्षं चित्रपटांचं संकलन करते आहे. त्यात थरारपट कमी आणि कौटुंबिक चित्रपट, मालिका जास्त. पण ताण कसा धरतात हे मला कौटुंबिक प्रसंगांनीच जास्त शिकवलं. तुमचा कट मी पाहिलेला नाही, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून बोलते आहे. त्यामुळे एखादी गोष्ट तुमच्या फिल्मला लागू होणार नाही, ती सोडून द्या. पण मला वाटतं, अडचण कटच्या लांबीत नाही आणि संगीतातही नाही. सावकार परत येतोय हे तुम्ही नायकापासून लपवलंत, आणि त्याच वेळी प्रेक्षकापासूनही लपवलंत. खरी अडचण तिथे आहे.

आपण ‘रहस्यपट’ हा एकच शब्द सगळ्याला वापरतो, त्यामुळे घोटाळा होतो. पण बोलताना आपली भाषा फरक बरोबर करते. मागून अचानक कुणी हात ठेवला की काळजाचा ठोका चुकतो. मुलगा रात्री अकरापर्यंत घरी आला नाही, फोन लागत नाही, तेव्हा जीव टांगणीला लागतो. ठोका चुकायला काहीच माहीत नसावं लागतं आणि सगळं क्षणात संपतं. टांगणीला मात्र काहीतरी माहीत असावंच लागतं: अकरा वाजलेत हे माहीत हवं, बाहेर पाऊस आहे हे माहीत हवं, त्याची गाडी जुनी आहे हे माहीत हवं. जितकं जास्त ठाऊक तितकी टांगणी जड. तुम्ही ठोक्याची सामग्री घेऊन टांगणी करायला बघताय.

थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी 1962 साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हेच टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन सांगितलं होतं. दोघं गप्पा मारताहेत, अचानक टेबलाखाली स्फोट होतो. प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. तेच दृश्य, पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिलंय, तो एक वाजता फुटणार हे त्याला माहीत आहे आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलाय. आता त्याच निरर्थक गप्पा प्रेक्षक पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. हे उदाहरण सिनेमाच्या प्रत्येक वर्गात सांगतात, आणि सांगून झाल्यावर विद्यार्थी नेमका तुमच्यासारखाच शेवट लिहितात. मीही लिहायचे. कारण माहिती लपवली की आपण हुशार ठरतो, असं आपल्याला वाटत असतं.

“आधीच सांगितलं तर मजा जाईल” ही भीती मनातून काढण्यासाठी एकदा चांगलं कीर्तन ऐका. हरिश्चंद्राचं आख्यान समोर बसलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. तारामती वाचणार हे ठाऊक असतं. तरी बुवा हरिश्चंद्राची तलवार उगारलेली ठेवतात, तिथे थांबतात, गजर सुरू करतात, आणि गजर संपेपर्यंत मांडवातल्या बायकांचा पदर डोळ्यांना असतो. शेवट माहीत असूनही ही माणसं तिथे अडकतात, कारण ती तलवार अजून वरच आहे.

आता माझ्या टेबलावरचा एक प्रसंग जरा तपशिलात सांगते. जुन्या काळातलं घर. सुनेने पोस्टाचं पासबुक तांदळाच्या डब्यात लपवलंय. ते सासूला सापडतं. पटकथेत ते सासूच्या हाताला लागतं तेव्हाच प्रेक्षकालाही पहिल्यांदा कळतं, आणि चित्रीकरणही तसंच झालेलं. पहिल्या कटमध्ये प्रसंग 40 सेकंदांचा होता. दाखवला तेव्हा चार-पाच जण “अरे!” म्हणाले आणि पुढच्या दृश्याकडे वळले.

सुदैवाने पासबुक डब्यात खोचतानाचा एक शॉट दिग्दर्शकाने पुढे आठवणीत दाखवण्यासाठी घेऊन ठेवला होता. तो आम्ही उचलून दोन दृश्यं आधी आणला. बास, एवढंच. आणि मग सासू मापटं घेऊन डब्याशी बसली की प्रसंग आपोआप वेगळा झाला. पहिलं मापटं. ती तळहाताने वरचे तांदूळ सारखे करते. दुसरं मापटं. बाहेरून सासरे सांगतात, पाहुणे जेवूनच जाणार आहेत. म्हणजे तिसरं मापटं. सून पाठमोरी, आमटी ढवळतेय, आणि तिसऱ्या मापट्याला तिची पळी थांबते. डब्यातली तांदळाची पातळी खाली चाललीय हे दाखवणारा इन्सर्ट, म्हणजे मध्ये घालायचा जवळचा शॉट, आमच्याकडे नव्हता. तो माझ्या सहायकाने स्वतःच्या घरी, आईच्या डब्यावर घेतला. सासूने झाकण उचललं, सुनेची पळी पुन्हा हलली, आपणही श्वास सोडला. आणि मग बऱ्याच घरांत करतात तसं, मोजलेल्यातली एक मूठ परत डब्यात टाकायला सासूचा हात आत गेला. बरकतीची मूठ. तिथे बोटांना पासबुक लागलं.

प्रसंग 40 सेकंदांचा 1 मिनिट 50 सेकंदांचा झाला. संगीत शून्य, फक्त पितळी पातेल्यात तांदूळ पडल्याचा आवाज. त्या दिवशी मागच्या रांगेत बसलेल्या एका काकूंच्या तोंडून “नको गं” असं निघालं. त्या कुणाला म्हणाल्या, सासूला की सुनेला, मला अजून सांगता येणार नाही. पण त्या खुर्चीत पुढे सरकल्या होत्या, आणि तेच मला हवं होतं.

पुढे हिचकॉक यांचा ‘नटोरियस’ (1946) पुन्हा पाहताना लक्षात आलं की तिथेही नेमकी मोजदादच आहे. नायिकेने नवऱ्याच्या जुडग्यातून तळघराची किल्ली काढून घेतलीय. घरात मोठी पार्टी चालू आहे. शॅम्पेन संपली तर नवरा आणखी आणायला तळघराकडे निघणार आणि किल्ली नाही हे त्याला कळणार. मग कॅमेरा अधूनमधून फक्त बर्फात ठेवलेल्या बाटल्या बघतो. बाटल्या कमी होताहेत. पाहुणे हसताहेत, पिताहेत, आणि प्रत्येक घोट आपल्याला नकोसा होतो. मापटं काय, बाटली काय, प्रेक्षकाला मोजता येईल असं काहीतरी हातात दिलं की तो स्वतःच मोजत बसतो. त्यासाठी घड्याळच हवं असं नाही. घड्याळाचे क्लोजअप तर इतके झालेत की आता त्यांनी काही होत नाही.

वेळ ताणण्याबद्दल तुमच्या मनात गोंधळ दिसतो, आणि तो स्वाभाविक आहे. थरार म्हणजे वेग, असं ट्रेलर बघून वाटतं. पाठलाग असेल, मारामारी असेल तर वेग बरोबरच. पण ज्या प्रसंगात प्रेक्षकाने वाट बघायची आहे, तिथे झटपट कट त्याला वाट बघूच देत नाहीत. दर सेकंदाला नवं चित्र आलं की डोळे कामाला लागतात आणि मन मोकळं सुटतं. तुमच्या कपाटाच्या दृश्यात किती कट आहेत ते मोजा, आणि निम्मे काढून बघा. हात किल्ल्यांच्या जुडग्यावर आहे, एक किल्ली लागत नाही, दुसरी लागत नाही. हे एकाच शॉटमध्ये राहू द्या. अभिनेत्याची बोटं घामाने घसरताहेत, ती घसरू द्या.

फक्त ताणण्याला गोष्टीतलं कारण हवं. विनाकारण लांबवलेला शॉट प्रेक्षकाला लगेच कळतो आणि त्याला दिग्दर्शकाचा राग येतो. हिचकॉक यांच्याच ‘सॅबोटाज’मध्ये (1936) एक लहान मुलगा नकळत बॉम्ब घेऊन लंडनभर फिरतो. तो उशीर का करतो? रस्त्यावरचा टूथपेस्ट विकणारा त्याला प्रात्यक्षिकासाठी धरून ठेवतो, मग मिरवणूक आडवी येते. मुलगा मुलासारखाच वागतोय, गाव गावासारखं वागतंय. म्हणून तो उशीर सहन होत नाही आणि खोटाही वाटत नाही. (त्या चित्रपटात बॉम्ब शेवटी बसमध्ये फुटतो आणि मुलगा मरतो. ही चूक झाली असं हिचकॉक यांनी नंतर स्वतः कबूल केलं. इतका वेळ जीव टांगून ठेवल्यावर प्रेक्षकाला कुठेतरी सुटका लागते. ती कधी द्यायची, द्यायची की नाही, हे प्रत्येक गोष्टीवर अवलंबून आहे. पण तो निर्णय विचार करून घ्या, सवयीने घेऊ नका.)

आतापर्यंतचं दोन वाक्यांत: आधी प्रेक्षकाला धोका दाखवा, मग त्याला वाट बघायला लावा. आणि उशिराचं कारण माणसांच्या रोजच्या वागण्यातून येऊ द्या.

“मग सगळंच सांगून टाकायचं का?” असं तुम्ही विचाराल. नाही. आणि हा भाग खरोखर अवघड आहे. निशिकांत कामत यांचा हिंदी ‘दृश्यम’ (2015), म्हणजे जीतू जोसेफ यांच्या 2013 च्या मल्याळम चित्रपटाचा रिमेक, गोव्यात घडतो. तुम्ही तो नक्की पाहिला असेल, पण आता कागद-पेन घेऊन पुन्हा बघा. मृत्यू कसा झाला, कुणाच्या हातून झाला, हे प्रेक्षकाला पोलिसांच्या कितीतरी आधी माहीत आहे. 2 ऑक्टोबरला ते कुटुंब पणजीला सत्संगाला होतं ही थाप कशी रचली, तेही माहीत आहे. त्यामुळे चौकशीत धाकट्या मुलीसमोर पोलीस बसतो तेव्हा आपण त्या पोरीच्या तोंडाकडे बघत राहतो: ती चुकेल का? खुनी कोण, हा प्रश्नच तिथे उरलेला नाही. आणि इतकं सगळं उघड करून चित्रपट एकच गोष्ट मुठीत ठेवतो, ती अगदी शेवटच्या मिनिटांत सोडतो. ती इथे सांगत नाही. माझ्या मते प्रमाण असंच असावं: प्रेक्षकाच्या हातात नऊ गोष्टी द्या, एक राखून ठेवा. तुमच्या फिल्ममध्ये सध्या उलटं झालंय.

गुन्हेगार कोण हे शोधण्याचीच गोष्ट असेल, तर हे प्रमाण बदलतं. तिथे कुतूहल ताण धरतं. पण तुमची गोष्ट तशी नाही.

संगीत. तुमचं घुमणारं संगीत वाड्याच्या दारापासून सुरू होतं आणि शेवटपर्यंत चालतं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ते काहीच सांगत नाही. ‘जॉज’ (1975) या शार्कच्या चित्रपटात संगीतकार जॉन विल्यम्स यांचे ते दोन स्वर सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यांची शिस्त फार थोड्यांच्या लक्षात येते. समुद्रात दोन पोरं पुठ्ठ्याचा खोटा पर घेऊन लोकांना घाबरवतात, तेव्हा ते स्वर वाजत नाहीत. खरा शार्क असला तरच वाजतात. प्रेक्षकाला हे कुणी समजावत नाही, त्याचा कान ते शिकतो. आणि तो शिकून झाल्यावर एका ठिकाणी शार्क त्या स्वरांशिवाय पाण्यातून वर येतो, तेव्हा लोक खुर्चीतून उडतात. आवाजाने आधी वचन द्यायचं, ते पाळायचं, म्हणजे मग एकदाच मोडता येतं.

श्रीराम राघवन यांच्या पुण्यात घडणाऱ्या ‘अंधाधुन’मध्ये (2018) तर संगीतच दोरी आहे. पियानोवादक आंधळ्याचं सोंग करतोय हे आपल्याला माहीत आहे, समोरच्या बाईला नाही. त्याला प्रेत दिसलंय आणि त्याने वाजवणं थांबवायचं नाही, कारण बोटं थांबली की सोंग उघडं पडलं. त्याच्या सुरांखाली बिनबोलता प्रेत हलवलं जातंय. पूजा लढा सुरती यांचं संकलन आहे. त्या लेखनातही होत्या, आणि ते जाणवतं. कोणाला काय दिसतंय याचा हिशेब त्या दृश्यात एका शॉटपुरताही चुकत नाही. मी हा प्रसंग माझ्या सहायकांना आधी आवाज बंद करून दाखवते, मग चित्र बंद करून ऐकवते.

आता तुमच्या वाड्याकडे येऊ. मी तुमच्या जागी असते तर फार थोडं पुन्हा चित्रित केलं असतं.

सावकार पहिल्या मिनिटात घराबाहेर पडतो म्हणालात, तो कशावर जातो? बुलेटवर जात असेल तर उत्तम, नसेल तर बसवा. तो आवाज प्रेक्षकाच्या कानात भरू द्या, गल्लीच्या टोकाला जाऊन विरेपर्यंत. मग नायक आत शिरतो. इथे एक काम तुमच्याकडून राहिलंय असं वाटतं: वाडा समजावून द्या. दिंडी कुठे, अंगण कुठे, माजघर कुठे, कपाटाची खोली वर असेल तर जिना कुठून. आत जाताना जिन्याची एक पायरी करकरू द्या. हातातल्या कॅमेऱ्याने आणि अंधाराने प्रेक्षक हरवला तर तो घाबरत नाही, फक्त वैतागतो. कुठून कोण येऊ शकतं हे त्याला कळलं तरच त्याची नजर दाराकडे जाते.

नायक किल्ल्या लावून बघतोय. लांबून बुलेट. प्रेक्षकाने ती आधी ऐकली पाहिजे; नायकाच्या कानावर ती पडू नये, कारण त्याच वेळी कपाटाचं दार करकरतंय. आवाज जवळ येतो आणि बंद होतो. हे आवाजाचं बंद होणं तुमच्या सगळ्या संगीतापेक्षा जास्त काम करेल, आणि त्याला एकही नवा शॉट लागत नाही.

मग सावकाराचे तीन शॉट घ्या. तो अंगणात येतो आणि रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतो. पंच्याने पुसतो. तांब्यातून घोटभर पाणी पितो. तो का परत आला हे सांगू नका, आणि त्याच्या चेहऱ्यावर संशयाची छटाही नको. घरी आलेला दमलेला माणूस, बास. तो जितका साधा, तितका आपला जीव वर, कारण वर नायकाच्या हातात अजून सातवी किल्ली आहे. मग करकरणारी पायरी. या वेळी नायकालाही ऐकू येते. त्याच्या चेहऱ्यावर थांबा. पायरीकडे कट मारायचा मोह आवरा. पुढचं पाऊल पडलं की नाही, हे आपण त्याच्या डोळ्यांत शोधू.

आणि त्याआधी, अगदी सुरुवातीला, वडिलांना अर्धा मिनिट द्या. तुमच्या वर्णनात ते फक्त सही करणारे आहेत. त्यांनी तो कागद दिल्यापासून घरात काय बदललं हे एका कृतीतून दिसलं पाहिजे. सावकार रस्त्याने जाताना ते ओट्यावरून उठून उभे राहतात, एवढंसुद्धा पुरेल. प्रेक्षकाला कागदाची काळजी वाटत नाही, उठून उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याची वाटते.

शेवटी सावकाराने नायकाला पकडावं की नाही, हे मी सांगणार नाही, ती गोष्ट तुमची आहे. पण तो मागे उभा राहण्याचा शॉट आता धक्का उरणार नाही, त्यामुळे तिथलं संगीताचं जोरदार आदळणं काढून टाका.

नवा कट झाला की ज्याने आधीचा पाहिलेला नाही अशा कुणाला तरी दाखवा, शक्यतो सिनेमातला नसलेला माणूस. तुम्ही पडद्याकडे बघू नका. बाजूला बसून त्याच्या हातांकडे बघा. सावकार पाय धुताना तो माणूस मोबाइलकडे वळला तर त्या तीन शॉट्समधला एक काढा. हातातला चहा तसाच राहिला, तर एक फ्रेमही कमी करू नका.